परीक्षानळीतील रक्त आणि रोहिणीतील रक्त

सोलापुरात १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि आज या शहरात हृदयरोहिण्यांचे क्ष-किरणचित्रण नित्याचे झाले आहे. या चित्रणासाठी रक्तात सोडले जाणारे आयोडीनयुक्त छायाद्रव्य रक्त गोठविते काय, हा प्रश्न त्यामुळे आपल्या अभ्यासकांना केवळ ग्रंथगत राहिलेला नाही.

१९८७ साली रॉबर्टसन यांनी अनायनी द्रव्य भरलेल्या सिरिंजमध्ये रक्ताच्या गुठळ्या आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यावरून ‘अनायनी द्रव्य रक्त गोठविते’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. आमच्या मते येथे तर्कदोष आहे. आयनी द्रव्ये फायब्रिनचे तंतू जुळण्यास तीव्र विरोध करतात. अनायनी द्रव्येही विरोधच करतात, परंतु सौम्य. कमी विरोध करणे म्हणजे उत्तेजन देणे नव्हे. सिरिंजमध्ये साचून राहिलेले रक्त गोठणे हा रक्ताचा स्वभावच होय. आयनी द्रव्य तो झाकून ठेवीत होते, इतकेच.

बिंबाणूंच्या, म्हणजेच प्लेटलेटच्या, बाबतीत मात्र आक्षेपाला काही आधार आहे. आयोहेक्झॉल या अनायनी द्रव्याच्या संपर्काने बिंबाणूंतील कणिकाद्रव्य बाहेर पडते, आयोक्झॅग्लेट या आयनी द्रव्याने तसे घडत नाही, असे प्रयोगांत दिसून आले. तथापि वाहत्या रक्तात द्रव्य क्षणार्धात विरळ होते, रोहिणीचे अंतःस्तर बिंबाणूंना आवर घालते आणि रोहिणी रुंदावण्याच्या उपचारात रुग्णास हेपॅरिन व ॲस्पिरिन दिलेले असते. परीक्षानळीत यांपैकी काहीच नसते.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्या या दृष्टीने उद्बोधक आहेत. ८५६ जोखमीच्या रुग्णांच्या चाचणीत रुग्णालयातील गंभीर घटना अनायनी आयोडिक्झॅनॉलने ५.४ टक्के, तर आयोक्झॅग्लेटने ९.५ टक्के घडल्या. हेच दोन पदार्थ १,४११ रुग्णांत तपासणाऱ्या दुसऱ्या चाचणीत लक्षणीय फरक आढळला नाही. पहिल्या चाचणीवरून अनायनी द्रव्याचा जयघोष करणे हीदेखील घाईच ठरेल. परंतु परीक्षानळीने वर्तविलेले अरिष्ट दोहोंतही दिसले नाही, हे मान्य करावे लागते.

मग रॉबर्टसन यांचे निरीक्षण निरर्थक ठरते काय? मुळीच नाही. सिरिंजमध्ये व कॅथेटरमध्ये रक्त साचू देऊ नये, हा त्याचा खरा बोध होय. तो द्रव्याच्या निवडीपेक्षा चिकित्सकाच्या हाताशी अधिक निगडित आहे, आणि पुढील संशोधनाने प्रारंभ तेथूनच करावा.