भोसरीच्या शिळास्मारकांच्या नोंदी : एक चिकित्सा

प्रास्ताविक : पिंपरी-चिंचवडचा इतिहास १९५४ साली पिंपरीत सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यापासून सांगण्याचा प्रघात आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याविषयीचा खंड (१८८५) मात्र भोसरी येथील ओबडधोबड शिळांच्या प्राचीन स्मारकांची दखल घेतो. अशा नोंदींचे पुरावा म्हणून मूल्य काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन : मृताचे अवशेष, सभोवती शिळांचे वर्तुळ आणि त्यावर दगडमातीची रास, असे महापाषाणीय दफनाचे एक प्रमुख रूप आढळते. त्याचा अर्थ दगडांच्या परस्परसंबंधात असतो. एखादी शिळा बांधाला गेली, रास खडीसाठी उचलली गेली, की मागे केवळ दगड उरतात. गॅझेटियरचा हेतू प्रशासनासाठी गावागणिक माहिती संकलित करण्याचा होता. काळ व संस्कृती यांचा निर्णय त्याच्या कक्षेबाहेरचा होता.

दा. ध. कोसंबी यांनी १९६२ साली ‘मॅन’ या नियतकालिकात पुणे जिल्ह्यातील महापाषाणांवर लेखन केले. पायी भटकून शिळा, सूक्ष्मास्त्रे आणि गावोगावची जिवंत दैवते यांची सांगड घालणे, हे त्यांच्या पद्धतीचे मोठे योगदान होय. तथापि, शेंदूर लागलेल्या शिळेची पूजा परंपरागत असली, तरी तेवढ्याने शिळेचा काळ सिद्ध होत नाही. त्यासाठी उत्खननाचा आधार लागतो.

विदर्भाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. नागपूर परिसरातील शिळावर्तुळांची नोंद रिव्हेट-कार्नॅक यांनी एकोणिसाव्या शतकातच केली होती. पुढे शां. भा. देव यांच्या टाकळघाट-खापा व माहुरझरी येथील उत्खननांतून लोखंडी हत्यारे आणि घोड्यांचे अवशेष हाती आले व त्या नोंदींना अर्थ लाभला. भोसरी परिसरात मात्र नोंदीमागून औद्योगिक वसाहत आली. कोसंबींचा लेख आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना एकाच वर्षातील, हा योगायोग बोलका आहे.

समारोप : १९६० च्या राज्य कायद्याचे संरक्षण घोषित स्मारकांनाच मिळते. यादीबाहेरच्या राशीला काटेकोर वर्णन हाच पहिला आधार असतो. त्यामुळे जुन्या नोंदी केवळ उद्धृत करणे पुरेसे नाही. त्या हाती घेऊन भोसरी ते चाकण हा पट्टा विद्यार्थ्यांसह पायी तपासणे, उरलेल्या शिळा न हलवता त्यांचे आराखडे व छायाचित्रे घेणे आणि ही माहिती पुरातत्त्व विभागाकडे सोपविणे, हे परिसरातील महाविद्यालयांना शक्य आहे. अन्यथा पुढील संशोधकाला जुन्या नोंदींची शहानिशा करण्यास जागाच उरणार नाही.