आनुवंशिकतेचा धडा आणि सातपुड्याचा विद्यार्थी

कादंबरी, नाटक आणि काव्य यांचीं परीक्षणें लिहिण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. शालेय पुस्तकाकडे मात्र टीकाकाराची दृष्टि क्वचितच वळते. वस्तुतः चांगल्या कादंबरीच्या वाट्याला कांहीं हजार वाचक आले तरी लेखक स्वतःस धन्य मानतो, आणि सरकारी पाठ्यपुस्तक एकाच वर्षीं लाखों मुलांच्या हातीं पडतें. त्यांतील एखादा शब्द चुकीच्या अर्थानें मनांत रुजला, तर तो जन्मभर तसाच राहण्याचा संभव असतो. म्हणून शास्त्राच्या धड्याचेंही भाषेच्या आणि मांडणीच्या दृष्टीनें परीक्षण झालें पाहिजे. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळानें २०१७ सालीं इयत्ता नववीसाठीं काढलेल्या विज्ञानाच्या पुस्तकांत 'आनुवंशिकता व परिवर्तन' नांवाचें जें प्रकरण आहे, त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

पुस्तकाचें मोजमाप कोणत्या वाचकावरून घ्यावयाचें, हें प्रथम सांगितलें पाहिजे. लोणखेडा हें नंदुरबार जिल्ह्यांतील, शहाद्यास लागून असलेलें गांव. भोवतीं ऊस, कापूस व केळी यांची शेती, आणि उत्तरेस सातपुड्याची रांग. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणें त्याच्या लोकसंख्येपैकीं सुमारें ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. या टापूंतील वर्गांत गुजर शेतकऱ्याचा मुलगा, भिल्ल मजुराची मुलगी आणि धडगांवच्या डोंगरांतून उतरून आलेला पावरा विद्यार्थी हीं एका ओळीनें बसूं शकतात. घरीं कोणी अहिराणी बोलतो, कोणी गुजरी, कोणी भिली, कोणी पावरी. ग्रांथिक मराठी सर्वांनाच शिकून घ्यावी लागते. आणि याच भागांतील आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. अर्थात् जें प्रकरण पुण्याच्या मुलास केवळ परीक्षेपुरतें, तें येथील एखाद्या मुलास स्वतःच्या घरचें असतें. या वाचकाला पुस्तक काय देतें, हीच माझी कसोटी आहे.

प्रकरणाचे गुण आधीं नोंदविले पाहिजेत. गुणसूत्र, जनुक, मेंडेलचे संकराचे प्रयोग आणि आनुवंशिक विकार असा क्रम सरळ व योग्य आहे. विकारांच्या यादींत सिकलसेलला नुसत्या नामोल्लेखावर न सोडतां त्याचें विवेचन केलें आहे, ही गोष्ट विशेष अभिनंदनीय होय. रक्तांतील हिमोग्लोबिनच्या साखळींत सहाव्या स्थानीं ग्लुटामिक आम्लाऐवजीं व्हॅलिन येतें, आणि एवढ्याशा फरकानें तांबड्या पेशीचा आकार विळ्यासारखा होतो. हा रोग स्पर्शानें पसरत नाहीं. विवाहापूर्वीं रक्त तपासून घ्यावें. इतक्या गोष्टी मुलाला येथें कळतात. माझ्या पिढीच्या शालेय पुस्तकांत यांतील एकही नव्हती.

परंतु मेंडेलच्या तीनास एक या प्रमाणाचा अर्थ मुलाच्या मनांत नीट उतरतो, असें मला वाटत नाहीं. चौकटीचे चार रकाने भरले कीं उत्तर मिळतें; त्यामुळें चार रकाने म्हणजे चार अपत्यें, अशी समजूत सहज होते. ब्रून येथील मठाच्या बागेंत मेंडेलनें १८५६ ते १८६३ पर्यंत सुमारें २८,००० रोपें वाढविलीं. त्याचा निबंध १८६६ सालीं छापला गेला आणि १९०० पर्यंत जवळजवळ दुर्लक्षित राहिला. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या प्रयोगांत त्याला दुसऱ्या पिढींत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले मिळाले. भागाकार २.९६ येतो, नेमका तीन येत नाहीं. हजारों दाणे मोजल्यावर जें प्रमाण तीनाच्या जवळ येतें, तें एका शेंगेंत सांपडेलच असें नाहीं. हे आंकडे मुलांपुढें ठेवून त्यांच्याकडून हा भागाकार करवून घेतला पाहिजे.

हा केवळ गणिताचा काटेकोरपणा नव्हे. आईबाप दोघेही सिकलसेलचें एकेक जनुक बाळगणारे असले, तर प्रत्येक वेळीं होणारें मूल रुग्ण असण्याचा संभव चारांत एक, एकच जनुक घेऊन येण्याचा चारांत दोन, आणि त्यापासून सर्वस्वी मुक्त असण्याचा चारांत एक असतो. हा हिशेब दर खेपेस पुन्हां नव्यानें मांडावा लागतो. चार मुलें झालीं तर चारांपैकीं एकही रुग्ण नसण्याचा संभव सुमारें ३२ टक्के, आणि निदान एक तरी रुग्ण असण्याचा सुमारें ६८ टक्के. 'पहिलें मूल आजारी निघालें, आतां पुढचीं तीन सुरक्षित' असें जें कुटुंब समजतें, तें रकान्यांची चौकट शब्दशः खरी मानीत असतें. चौकटीबरोबर एक नाणें आणि पुन्हां पुन्हां तें उडविण्याचा खेळ दिला असता, तर ही घातक चूक वर्गांतच दूर झाली असती.

दुसरा प्रश्न शब्दांचा. 'प्रभावी' आणि 'अप्रभावी' हे शब्द रूढ झाले आहेत, तथापि मराठी बोलणाऱ्याच्या कानाला प्रभावी म्हणजे श्रेष्ठ आणि अप्रभावी म्हणजे दुबळें. जोडीदार जनुक समोर असतांना जो गुण दिसत नाहीं तो अप्रभावी, एवढाच शास्त्रीय अर्थ; 'झांकला जाणारा' म्हटलें असतें तरी काम भागलें असतें. 'दात्रपेशी' या संस्कृत शब्दाचीही तीच गत. ज्या मुलाच्या हातांत घरीं विळा असतो, त्याला दात्र हा शब्द कोशांत शोधावयास लावणें हें परिभाषेचें ओझें होय. सर्वांत अवघड शब्द 'वाहक'. एस. टी. च्या गाडींत वाहक तिकीट देतो, आणि आरोग्याच्या धड्यांत डांस हा रोगवाहक असतो. तोच शब्द वर्गांतील मुलीस लावला, तर शेजारची मैत्रीण बाक सोडून उठली तरी तिला दोष देतां येणार नाहीं. एक जनुक असलेली व्यक्ति बहुधा निरोगीच असते आणि ती कोणालाही रोग देत फिरत नाहीं, हें वाक्य ठळक अक्षरांत छापावयास हवें.

आतां उपदेशाचा भाग. अशा व्यक्तींनीं व रुग्णांनीं परस्परांत विवाह टाळावे, असा सल्ला प्रकरणांत आहे. त्यामागील हेतु निःसंशय चांगला आहे. परंतु चवदा वर्षांच्या वाचकास तो आज्ञेसारखा वाटतो, आणि आपल्या समाजांत अशी आज्ञा प्रथम मुलीवरच पडते. मुलाचा रक्ततपासणीचा कागद पेटींत राहतो, मुलीचा गांवभर होतो. खरें पाहतां एका बाजूस जनुक असलें आणि दुसऱ्या बाजूस मुळींच नसलें, तर या जोडप्याचें एकही मूल सिकलसेलचें रुग्ण होत नाहीं. ही दिलासा देणारी बाजू निषेधाइतक्याच ठळकपणें यावयास हवी होती. दोघांकडेही जनुक असलें तरी गर्भावस्थेंतील तपासणीचा मार्ग आज उपलब्ध आहे, आणि हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधानें अनेक रुग्णांच्या वेदना कमी होतात. केंद्र सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तीन वर्षांत सात कोटि लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हें तिचें उद्दिष्ट ठरलें. इतक्या लोकांच्या हातीं तपासणीचें कार्ड द्यावयाचें, तर तें वाचण्याचें शिक्षण शाळेनेंच दिलें पाहिजे.

हा सर्व विषय डोंगरांतील लोकांचा आहे, आपला नाहीं, असें या मासिकाच्या कांहीं वाचकांस वाटेल. तें बरोबर नाहीं. सिकलसेल विदर्भांतील अनेक बिगर-आदिवासी कुटुंबांतही आढळतो. थॅलसिमियाचें जनुक सिंधी व लोहाणा समाजांत अधिक दिसतें. गॅरड या इंग्रज वैद्यानें १९०२ सालीं एका दुर्मिळ विकाराचा मेंडेलच्या नियमांशीं संबंध जोडला, तेव्हां त्याच्या लक्षांत आलेली मुख्य गोष्ट ही कीं रुग्णांचे आईबाप पुष्कळदां चुलत-मावस भावंडें असतात. मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल महाराष्ट्रांतील अनेक जातींत आहे. गोत्र आणि पत्रिका बारकाईनें पाहणाऱ्या घरांत हा हिशेब मात्र कोणी मांडीत नाहीं. पाठ्यपुस्तकानें हें उदाहरण घेतलें असतें, तर धडा कोणा एका समाजाचा न राहतां सर्वांचा झाला असता.

शेवटचा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. प्रकरणाच्या नांवांत 'परिवर्तन' आहे, परंतु उत्तरार्धांत परिवर्तन म्हणजे विकार असेंच चित्र उभें राहतें. ॲलिसननें १९५४ सालीं दाखवून दिलें कीं सिकलसेलचें एकच जनुक असलेल्या बालकांना घातक हिंवतापापासून बरेंच संरक्षण मिळतें. जेथें हिंवताप पिढ्यान्‌पिढ्या माणसें नेत होता, तेथें हें जनुक टिकून राहिलें तें यामुळें. तेव्हां जनुक स्वभावतः चांगलें किंवा वाईट नसतें; कोणत्या परिस्थितींत आणि किती प्रतींत तें आहे, यावर सारें अवलंबून. ज्या मुलाच्या घरांत हा विकार आहे, त्याला आपलें रक्त नासकें नाहीं हें समजण्यास याहून उत्तम कथा नाहीं. विविधतेचें दुसरें उदाहरण तर डोंगरावरच आहे: धडगांव भागांत शेतकऱ्यांनीं बाएफ या संस्थेच्या साहाय्यानें मका व ज्वारीचे स्थानिक वाण जतन केले आहेत. एकाच पिकाचे निरनिराळ्या रंगांचे व आकारांचे दाणे हातांत घेतलेल्या मुलाला जनुकांतील भेद ही संपत्ति आहे हें वेगळें सांगावें लागत नाहीं. वाटाणा परका नाहीं. पण मक्याचें कणीस अधिक जवळचें आहे.

एकंदरीत हें प्रकरण माहितीनें समृद्ध, हेतूनें शुद्ध आणि वाचकाच्या जाणिवेंत उणें आहे. त्यांतील शास्त्र बदलावयाचें कारण नाहीं; कांहीं शब्द, एक-दोन उदाहरणें आणि उपदेशाचा सूर बदलला तरी पुरे. पुस्तकें पुढें बदलतील, नवीं येतील. तीं लिहिणारांनीं प्रत्येक वाक्य छापण्यापूर्वीं ज्या मुलीच्या हातीं नुकतेंच तपासणीचें कार्ड आलें आहे, तिला तें एकदां मोठ्यानें वाचून दाखवावें. जें तिच्यासमोर वाचतांना जीभ अडखळेल, तें वाक्य पुन्हां लिहावयास घ्यावें.