नाकाचे माप

अंधश्रद्धेविषयी मराठीत जे वैचारिक लेखन होते त्यातला अंधश्रद्ध माणूस कोण असतो, हे एकदा तपासून पाहावे. तो बहुधा आमच्याच वस्तीतला असतो. अंगात येणारी बाई, देवऋषी, गंडादोरा बांधणारा म्हातारा. त्याला शहाणा करायला येतो तो शिकलेला पांढरपेशा. अज्ञान खाली आणि विज्ञान वर, ही मांडणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातली उतरंड लेखकाला दिसतही नाही. पुरावा दाखवला की माणूस खोटे सोडतो, असे खरोखरच असते तर शिकलेल्यांनी एक खोटे शास्त्र केव्हाच टाकून दिले असते. ते शास्त्र नाकाचे.

हर्बर्ट रिस्ले हा ब्रिटिश सनदी अधिकारी. १८८० नंतरच्या दशकात त्याने जातवार माणसांची डोकी आणि नाके मोजवून घेतली. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे, शंभराने गुणायचे. आकडा जितका लहान तितकी म्हणे जात उंच. पुढे हाच गृहस्थ १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि त्या जनगणनेत जाती सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमाने लावल्या गेल्या. मनूचे नाव घ्यायची ज्यांना लाज वाटू लागली होती त्यांची मोठीच सोय झाली. उतरंड आता मोजपट्टीवर आली होती.

या मोजपट्टीला उत्तर मिळाले ते मोजपट्टीनेच. डॉ. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात ही मापे पुन्हा तपासली आणि बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स'मध्ये ते निष्कर्ष वाचकांपुढे ठेवले. संयुक्त प्रांतातला ब्राह्मण शरीराच्या मापांनी आपल्या प्रांतातल्या बहुतेक जातींपेक्षा पंजाबातल्या चुहड्याला आणि खत्र्याला अधिक जवळचा निघाला. आणि मुंबई इलाख्यात? देशस्थ ब्राह्मणाला चित्पावन जितका जवळचा तितकाच सोनकोळी. त्यानंतर महार आणि कुणबी, दोघे बरोबरीने. शेणवी, नागर ब्राह्मण आणि उच्चकुलीन मराठा हे त्यांच्याही मागे. ज्याची सावलीदेखील चालत नव्हती तो मापाने शेणव्यापेक्षा देशस्थाला जवळचा! बाबासाहेबांनी यातून सरळ अनुमान काढले: ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. अस्पृश्यतेचे मूळ वंशात सापडत नाही.

आमच्या सभांतून या ग्रंथाची अर्पणपत्रिका सांगितली जाते, नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांची नावे घेतली जातात. या कोष्टकांपाशी मात्र कोणी थांबत नाही.

पुरावा असा उघडा असताना 'गुणवत्ता रक्तातच असावी लागते' हे वाक्य सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात टिकले कसे? आमच्या मते याचे उत्तर बुद्धीत शोधू नये. देवऋषीकडे जाणारी आई दवाखाना हाताशी आला की तिकडेही जाते. (दोन्हीकडे जाते म्हणा हवे तर.) तिथे जाण्याने तिचे काही हिरावले जात नाही. रक्ताची गोष्ट सोडणाऱ्याला मात्र बरेच सोडावे लागते. आपली खुर्ची आपल्याला कशी मिळाली, हा प्रश्न त्याला स्वतःला विचारावा लागतो. मुलीचे स्थळ कुठे पाहायचे याचाही पुन्हा विचार करावा लागतो. एवढी किंमत देण्यापेक्षा पुराव्यातच खोट काढणे स्वस्त पडते.

हे त्यांच्याविषयी झाले. आता आमच्याकडे पाहू. १८७३ साली 'गुलामगिरी'त जोतीरावांनी आर्यांच्या स्वारीची कथा उलटी फिरवून शस्त्रासारखी वापरली. त्या काळचे ज्ञान तेवढेच होते. पण बाबासाहेबांनी १९४६ साली 'हू वेअर द शूद्राज?' मध्ये आर्यवंशाचा सिद्धान्त तपासून नाकारला, त्यानंतरही आमच्या कवितेत आर्य-अनार्य रक्त वाहतेच आहे. आम्ही मूळचे, ते उपरे. हजारो वर्षे अपमान सोसलेल्याला पूर्वज हवे असतात, हे मला कळते. सत्ता राखणारे असत्य आणि जखमेवर बांधलेले असत्य एकाच तागडीत घालू नये, हेही खरे. तरी दुसऱ्यालाही असत्यच म्हणावे लागते.

जनुकशास्त्राने अलीकडे हे चित्र अधिक गुंतागुंतीचे केले आहे. गवताळ मध्य आशियातून माणसे इकडे आली, असे २०१९ च्या प्राचीन डीएनएवरील संशोधनाने दाखवले. त्यांचा अंश काही ब्राह्मण गटांत अधिक आहे. त्याआधी २०१३ च्या एका अभ्यासात दिसले होते की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी येथे सर्वदूर मिश्रण झाले, जवळजवळ कोणताही गट त्यातून सुटला नाही आणि मग जातीबाहेरच्या लग्नांचे दार बंद झाले. जात म्हणजे हे बंद दार, असे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडले होते. पण या संशोधनातले 'ब्राह्मणांत अधिक' एवढेच वाक्य उचलले जाते. ते उचलतात अभिमानाने, आम्ही उचलतो आरोप म्हणून. मिश्रणाचे वाक्य दोघांनाही नको असते.

परवा नात्यातल्या एका घरी बाळ पाहायला गेलो होतो. बाळ गोरे, नाक तरतरीत. आजी कौतुकाने म्हणाली, "बामनाच्या पोरावानी दिसतंय." आईचा चेहरा खुलला. वरचा सगळा युक्तिवाद मला तोंडपाठ होता. मीही हसलो.