फक्त बघायला गेलेला माणूस



मागच्या व्याख्यानानंतर सगळे चहाकडे वळले आणि एक तरुण मात्र आमच्यापाशी थांबला. म्हणाला, "सर, तुम्ही या बंदिस्त संप्रदायांवर टीका करता. पण आत न जाता टीका करणं बरोबर आहे का? मी आठवडाभर एका ठिकाणी जाऊन येणार आहे. फक्त बघायला. माझं काय बिघडणार आहे?" आम्ही घाईत होतो. "जाऊ नकोस" एवढंच म्हणालो आणि रिक्षात बसलो. घरी आल्यावर चुटपुट लागली. हे उत्तर नव्हतं, ही आज्ञा झाली. ज्याने पस्तीस वर्षं वर्गात 'प्रश्न विचारा' म्हणून सांगितलं, त्याने असं करू नये. तेव्हा आज त्या मुलाला उत्तर द्यायचं आहे. तो समोर बसलाय की घरून ऐकतोय, माहीत नाही.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजीतल्या 'कल्ट'ला मराठीत नेमका शब्द नाही. पंथ, संप्रदाय हे आपल्याकडे चांगले शब्द आहेत. वारकरी संप्रदाय म्हणताना कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही, पडूही नये. माणसं काय मानतात यावरून आम्ही कुठल्याही गटाला कल्ट म्हणणार नाही. तिथली व्यवस्था कशी आहे ते विचारू. प्रमुखाला प्रश्न विचारता येतो का? पैशाचा हिशेब मागता येतो का? बाहेरच्या नातेवाइकांशी बोलता येतं का? आणि एखाद्याला सोडून जायचं असेल तर तो सुखाने जाऊ शकतो का? या चार प्रश्नांची उत्तरं 'नाही' येऊ लागली की सावध व्हावं, मग आतलं तत्त्वज्ञान कितीही उंच असो.

ही काळजी का घ्यायची, याचं उदाहरण आपल्या दाराशी आहे. इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर पैठण. चक्रधरस्वामींचा आणि महानुभाव पंथाचा या गावाशी जवळचा संबंध. जातिभेद न मानणारा, स्त्रियांना संन्यासाचा अधिकार देणारा हा पंथ. त्यांनी पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले. आता लिपी गुप्त म्हटल्यावर बाहेरच्यांचं कुतूहल वाढलं, आणि कळत नाही तिथे माणूस कल्पना करतो. शतकानुशतकं या लोकांबद्दल वाटेल ते बोललं गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपीची उकल केली, ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आले, आणि आत काय सापडलं? लीळाचरित्र! मराठी गद्याचं वैभव. पण तोवर भाषेने आपलं काम करून टाकलं होतं. वरवर गोड आणि आतून ढोंगी अशा माणसाला आपण आजही 'मानभावी' म्हणतो. तो शब्द 'महानुभाव'वरूनच आला. बाहेरून बघणाऱ्याने एका समाजाच्या नावाची शिवी केली. म्हणजे दुरून बघण्यातही धोका आहे, फक्त तो बघणाऱ्याला नसतो. ज्याच्याकडे बघितलं जातं त्याला असतो.

मग तो तरुण म्हणेल, "हेच तर मी म्हणतोय सर! जवळ जाऊन बघायला पाहिजे." बरोबर. आता जवळ गेलेल्यांचं बघू. त्यासाठी पुण्याला जाऊ.

रजनीश हे आमच्याच खात्यातले. जबलपूरला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, 1966 मध्ये नोकरी सोडली, 1970 ला मुंबईत आले आणि 1974 मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कात आश्रम सुरू झाला. जगभरातून बघणारे आले. त्यातले दोघे आम्हाला महत्त्वाचे वाटतात. एक बर्नार्ड लेव्हिन, लंडनच्या 'टाइम्स'चा नामांकित स्तंभलेखक, बोचऱ्या लेखणीचा. तो 1980 मध्ये आला, प्रवचनं ऐकली, आणि परत जाऊन त्याने कौतुकाचे लेख लिहिले. दुसरा रिचर्ड प्राइस, कॅलिफोर्नियातल्या एसालेन या संस्थेचा सहसंस्थापक. तो त्याआधी काही वर्षं येऊन गेला. तो सभामंडपात थांबला नाही, तिथल्या उपचारगटांत बसला. तिथली मारहाण, जबरदस्ती बघून अस्वस्थ झाला आणि परत जाऊन त्याने विरोध कळवला.

दोघेही हुशार, दोघेही प्रामाणिक, जागा तीच. फरक कुठे पडला? लेव्हिनला जे दाखवलं गेलं ते त्याने बघितलं. प्राइसला जे दिसलं ते बघायला आत बसावं लागलं, आणि आत बसण्याआधी त्याने टपालाने का होईना, रजनीशांचा संन्यास घेतलेला होता. म्हणजे बघा, बाहेर राहिलात तर दर्शनी खोली दिसते, आणि आतली खोली बघायची तर तुम्ही आधी थोडे आतले झालेले असता. तिसरी खुर्ची तिथे नसते. आम्हाला आज जे सांगायचं आहे त्याचं मूळ इथे आहे.

यावर तुमच्यापैकी बहुतेकांनी 'वाइल्ड वाइल्ड कंट्री' ही 2018 ची माहितीपट मालिका बघितली असेल. सहा भाग. आम्हीही बघितली, नातवाने लावून दिली. उत्तम बांधली आहे, यात शंका नाही. ओरेगॉनमधलं चौसष्ट हजार एकरांचं रान, तिथे उभं राहिलेलं शहर, शेजारच्या अँटेलोप गावातली म्हातारी माणसं, आणि शीला. शीला बोलू लागली की नजर हलत नाही. मालिका कुणाचीच बाजू घेत नाही, म्हणून तिची वाहवा झाली. आमची तक्रार नेमकी तिथेच आहे.

दोन्ही बाजूंना सारखा वेळ दिला म्हणजे न्याय झाला, असं मालिका धरून चालते. 1984 मध्ये द डॅलेस गावातल्या उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये जंतू मिसळले गेले आणि 751 लोक आजारी पडले. हे 'एक म्हणणं' नाही, घडलेली गोष्ट आहे. पुण्याची सात वर्षं तर पहिल्या भागातच उरकतात. जिथे हे सगळं आकाराला आलं, तिथे शेजाऱ्यांनी काय बघितलं, कुणी विचारलंच नाही. आणि मुलं? तिथे वाढलेली मुलं जवळजवळ दिसतच नाहीत. ती बघायची तर टिम गेस्टचं 'माय लाइफ इन ऑरेंज' हे 2004 चं पुस्तक वाचा. आईने संन्यास घेतला आणि हा मुलगा एका आश्रमातून दुसऱ्या आश्रमात वाढला. या सगळ्या प्रकरणातला आम्हाला सर्वांत विश्वासू वाटलेला निरीक्षक हा मुलगा. कारण तो 'बघायला' गेला नव्हता. त्याला नेलं गेलं. आणि बघण्याची काय किंमत मोजली, ते तो लपवत नाही.

मालिकेचा प्रेक्षक मात्र काहीच मोजत नाही. सहा तास रोमांच, मग झोप. आमच्या मते तिचा खरा दोष हा की ती आपल्याला फुकटात साक्षीदार झाल्याचा भास देते. आणि हा भास घेऊनच तरुण मुलं 'फक्त बघायला' निघतात.

प्रत्यक्ष बघायला गेलेल्यांचं काय झालं? ऑगस्ट 1984 मध्ये वास्को काउंटीचे आयुक्त रजनीशपुरमची पाहणी करायला गेले. परत निघताना गाडीचं चाक पंक्चर झालेलं. उन्हाचे दिवस. आश्रमातल्या लोकांनी अगत्याने पाणी आणून दिलं. त्यातले दोघे आजारी पडले, एक तर मरता मरता वाचला. पाण्यात जंतू होते. त्याआधी, 1978 च्या नोव्हेंबरात, अमेरिकन काँग्रेसचे सदस्य लिओ रायन गयानातल्या जोन्सटाउनला चौकशीसाठी गेले. धावपट्टीवर त्यांना आणि सोबतच्या तीन पत्रकारांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याच दिवशी तिथे नऊशेहून अधिक माणसं मेली, त्यात शेकडो मुलं.

पण मंडळी, ही टोकाची उदाहरणं आहेत. ही सांगून आम्ही तुम्हाला घाबरवलं, तर तुम्ही म्हणाल, "आमच्या इथल्या महाराजांकडे कुठे बंदुका आहेत?" नाहीत. म्हणून नेहमी घडणारा धोका सांगतो. तो घडतो तेव्हा कळतही नाही.

1954 मध्ये शिकागोजवळ एक छोटा गट होता. एका बाईंना परग्रहावरून संदेश येत. 21 डिसेंबरला महापूर येणार आणि निवडक लोकांना तबकडी घेऊन जाणार, असं त्या सांगत. लिओन फेस्टिंजर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आपले निरीक्षक ओळख लपवून आत पाठवले. 1956 चं त्यांचं पुस्तक मानसशास्त्रात गाजलं. पण त्यातच एक गोष्ट आहे. आत शिरण्यासाठी एका निरीक्षक बाईने पुराचं खोटं स्वप्न सांगितलं. गटाला वाटलं, बघा, अनोळखी माणसांनाही संदेश येऊ लागले! जे मोजायला गेले, त्यांनी तराजूत स्वतःचंच वजन टाकलं.

हे वाचलं तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. कारण आम्हीही असं वजन टाकलेलं होतं. ही गोष्ट आम्ही तीसेक वर्षं कुणाला सांगितली नाही.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. शहराबाहेर एका महाराजांचा सत्संग भरायचा. नाव घेत नाही. आम्ही तरुण प्राध्यापक, नवी डॉक्टरेट, डोक्यात वारं. म्हटलं, जाऊन बघू, एखादा निबंध लिहू. वही घेऊन गेलो. लोक सतरंजीवर बसले होते, आम्ही मागे उभे राहिलो. एक कार्यकर्ता धावत आला. "सर, तुम्ही खाली कशाला? खुर्ची घ्या." खुर्ची पुढे ठेवली. संकोचाने बसलो. समोरून सगळे हात जोडत होते, आमचेही जोडले गेले. एवढंच. निबंध काही झाला नाही.

महिन्याभराने पत्रक छापून आलं. त्यात आमचा फोटो, खुर्चीवर, हात जोडलेले. खाली ओळ: तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक सत्संगाचा लाभ घेताना. आम्ही हसण्यावारी नेलं. पुढे एक दिवस आमच्या एका विद्यार्थ्याची आई विभागात आली. कन्नडकडची, नवरा गेलेला. मुलाच्या फीची सवलत विचारायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, "सर, मी पाटल्या दिल्या महाराजांच्या कामाला. मन धजत नव्हतं. मग तुमचा फोटो बघितला. म्हटलं, एवढे शिकलेले सर जातात, मग आपण कोण?" तिने ते कौतुकाने सांगितलं. आम्ही फोटो काढून टाका म्हणून सांगायला गेलो. त्यांनी चहा पाजला, हो हो म्हणाले. पाटल्या परत आल्या नाहीत. फीची सवलत तेवढी मिळवून दिली.

आम्ही काय केलं होतं? काहीही नाही. फक्त बघितलं होतं.

सांख्यदर्शन शिकवताना आम्ही सांगायचो: पुरुष हा केवळ द्रष्टा आहे, नाचते ती प्रकृती. त्याची चूक ही की तो बघणारा असून स्वतःला करणारा समजतो. त्या दिवसानंतर कळलं, इथे नेमकं उलटं घडतं. आपण करणारे असतो आणि स्वतःला बघणारे समजतो. गंमत म्हणजे अशा ठिकाणी 'साक्षीभावा'चं प्रवचन फार चालतं. रजनीशांच्या शिकवणीतही तो शब्द मध्यभागी होता. शब्दाचा दोष नाही. पण ज्याची उपस्थिती मोजली जाते, जो फोटोत येतो, ज्याला पाहून तिसरा माणूस निर्णय घेतो, तो साक्षी नसतो.

मग बघायचंच नाही का? तसं म्हटलं तर दाभोलकरांच्या आयुष्यभराच्या कामाला अर्थच राहणार नाही. त्यांनी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी ठिकाणी जाऊन बघितलं. पण ते संघटना म्हणून गेले, तयारी करून गेले, आणि कशासाठी गेलो ते लोकांसमोर सांगितलं. त्याची किंमत 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांनी प्राणाने मोजली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कायदा कृत्यांना शिक्षा देतो, श्रद्धेला नाही, हे योग्यच आहे. पण त्यामुळेच, स्वखुशीने दिलेल्या पाटल्यांना तो बहुधा पुरा पडत नाही. तिथे तुमची-आमची जबाबदारी सुरू होते.

तेव्हा बाळा, तुझं उत्तर. सोडून आलेल्यांशी आधी बोल. जायचं असेल तर एकटा जाऊ नकोस, आणि कधी परतणार ते घरी सांगून जा. खरं नाव सांग, कशाला आलास ते सांग. ते ऐकून त्यांनी दार लावलं, तर जे बघायचं होतं ते तुला दारातच दिसलं. पैसे, सही, फोटो देऊ नकोस. आणि परत आल्यावर लिहिशील तेव्हा त्यांच्याबद्दल लिहिण्याआधी स्वतःबद्दल लिही: तू कुठे बसलास, तुला काय दाखवलं, तुला काय आवडलं. आवडलं असेल तर तेही लिही, लाजू नकोस. पुस्तक असो की माहितीपट, या विषयावरचं काम आम्ही आता याच कसोटीवर पारखतो. बघणाऱ्याने स्वतःची खुर्ची दाखवली आहे का?

आणि तिथे कुणी अगत्याने खुर्ची पुढे केली, तर आमची आठवण ठेव आणि सतरंजीवर बस. मागे, कडेला.

प्रश्न असतील तर विचारा. आज आम्ही घाईत नाही.