व्यक्तिछायाचित्रातील मुद्रेचा अर्थ : चांद्याच्या अरण्यप्रदेशासंबंधी एक टिपण

छायाचित्रातील हात, खांदे व दृष्टी यांवरून व्यक्तीचा स्वभाव ताडण्याची प्रथा समीक्षेत रूढ आहे. जुन्या चांदा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या चंद्रपूर व १९८२ मध्ये त्यापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीतील, गोंड-माडियांच्या छायाचित्रांना ती लावली असता ताठ देह, लोंबते हात आणि खिळलेली नजर यांचा अर्थ ‘भय’ किंवा ‘भाबडेपणा’ असा केला जातो. हा अर्थ तपासून घेणे अवश्य आहे.

नागपूरकडील एखाद्या घराण्याच्या जुन्या स्टुडिओतील छायाचित्रातही हाच ताठपणा आढळतो. तेथे मात्र त्यास आपण ‘भारदस्तपणा’ म्हणतो. मुद्रा एकच असता अर्थ दोन होतात, याचे कारण पाहणाऱ्याच्या पूर्वग्रहात शोधले पाहिजे.

ताठपणाचा दोष यंत्राकडे देता येईल काय? १८४० च्या सुमारास चित्रासाठी बराच वेळ निश्चल बसावे लागे, हे खरे. परंतु रसेल व हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाति-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला, तोवर उजेडात क्षणार्धात चित्र घेता येऊ लागले होते. हक्स्ली यांनी १८६९ मध्ये सुचविलेल्या मानवशास्त्रीय पद्धतीत मात्र मोजपट्टीशेजारी, समोरून व बाजूने, उभे शरीर अपेक्षित होते. अशा चित्रातील मुद्रा ही आज्ञेने आलेली असते. तीवरून स्वभाव ठरविणे म्हणजे आज्ञा करणाऱ्याचे मन दुसऱ्याच्या देहावर वाचणे होय.

उपर्युक्त ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात दळण दळणाऱ्या गोंड स्त्रियांचे छायाचित्र आहे. येथे हातांना स्वतःचे काम आहे, म्हणून मुद्रेचा अर्थही अधिक निश्चित होतो. तथापि चित्राखाली जमात व काम यांचाच उल्लेख आहे. स्त्रियांची नावे नाहीत. व्यक्तिचित्र म्हणून ते तेवढ्यापुरते अपुरेच राहते.

भरताच्या नाट्यशास्त्रातील आंगिक अभिनय अर्थवाही ठरतो, कारण त्याचा संकेत नट व प्रेक्षक या दोघांनाही ठाऊक असतो. भामरागडकडे भेटीच्या वेळी होणाऱ्या ‘जोहारा’लाही तसाच उभयपक्षी अर्थ आहे. छायाचित्र असा संबंध तोडून केवळ देह शिल्लक ठेवते.

गडचिरोलीस २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. आता या भागात कॅमेरा संशोधक विद्यार्थ्याच्याही हाती आहे. उभे राहण्यास कोणी व कोणत्या भाषेत सांगितले, तत्पूर्वी ती व्यक्ती काय करीत होती आणि तिची संमती असल्यास तिचे नाव काय, एवढी नोंद प्रत्येक चित्रासोबत ठेवावी. या नोंदीवाचून केलेले मुद्रेचे विवेचन प्रमाण मानता येणार नाही.