माजलगावच्या कवयित्री

जपानी दरबारात चिनी विद्या पुरुषांची मानली जाई, तेव्हा, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, मुरासाकी शिकिबू हिने काना लिपीत ‘गेंजी’ची कथा रचली. तिचे खरे नाव मात्र आज ठाऊक नाही.

आमच्या बीड जिल्ह्यात माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे आदी स्त्रियांच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांच्या संकलनात गाणारणींची नावे जपली गेली, हे त्याचे मोठेपण. तरीही पुष्कळ समीक्षक या रचना ‘लोकसाहित्य’ म्हणून बाजूस सारतात. आम्हांस हे मान्य नाही. जात्यावरच्या ओवीत जेथे विठ्ठल येई, तेथे या स्त्रियांनी बाबासाहेबांना बसविले. छंद आजीचा, निवड स्वतःची. त्यांना जनाबाईच्या पंक्तीस बसविताना आम्ही का कचरावे? गंगाखेड काही येथून फार दूर नाही.