फॅरेडेची मेणबत्ती आणि न घडलेले शिष्य

विज्ञान कसे शिकवावे ही चर्चा निघाली की फॅरेडेच्या मेणबत्तीचा दाखला हटकून दिला जातो. १८६०-६१ च्या नाताळात मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर दिलेली ही सहा व्याख्याने विल्यम क्रुक्स यांनी १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आणली. ती नुकतीच आम्ही पुन्हा वाचली आणि या वेळी थोडे अस्वस्थ झालो.

पुस्तकाचा गुण निर्विवाद आहे. फॅरेडे मेणबत्ती सोडतच नाहीत. वितळलेले मेण वातीतून केशाकर्षणाने चढते, त्याची वाफ होते, वाफ जळते, त्यातून पाणी व कार्बन डायऑक्साइड निघतात आणि अखेर गाडी आपल्या श्वासापर्यंत येते. मात्र येथे प्रश्न फॅरेडेच विचारतात, प्रयोगही तेच करतात आणि तो बहुधा साधतोच. मुले बाकावरच राहतात. घरी करून पाहा असे ते सांगतात खरे, पण घरी प्रयोग फसला तर विचारायचे कोणाला?

खुद्द फॅरेडे असे घडले नव्हते. बुकबाइंडरकडे उमेदवारी करताना १८१२ मध्ये त्यांनी हंफ्री डेव्हींची चार व्याख्याने ऐकली, हे सर्वांना ठाऊक असते. त्या व्याख्यानांनी ओढ लावली. शास्त्रज्ञ घडला तो १८१३ पासून डेव्हींच्या हाताखाली, उपकरणे मांडताना आणि नायट्रोजन ट्रायक्लोराइडचे स्फोट सोसताना. (हेच डेव्ही १८२४ मध्ये रॉयल सोसायटीच्या निवडीत त्यांच्या आड आले. गुरूही माणूसच!) फॅरेडे यांनी मात्र आपल्यामागे शिष्यपरंपरा ठेवली नाही. उलट जर्मनीत गीसेन येथे लीबिग यांनी १८२४ पासून विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत उभे केले. त्यांचे शिष्य हॉफमन १८४५ मध्ये लंडनला आले आणि त्यांच्या हाताखाली तयार झाले विल्यम पर्किन आणि हेच क्रुक्स. मेणबत्तीची व्याख्याने छापणारा माणूसही व्याख्यानांतून घडलेला नव्हता!

हा ठपका आमच्यावरही येतो. विज्ञानदिनी आम्ही शाळेत जातो, तासभर बोलतो, टाळ्या घेतो आणि परततो. एकदा नववीच्या वर्गात विझलेल्या मेणबत्तीच्या पांढऱ्या धुरातून ज्योत वातीवर उतरवून दाखवायला गेलो. तीनदा फसलो. शिक्षकांनी आम्हाला संकोचू नये म्हणून पुढचा प्रयोग सुचवला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने पंखा बंद केला. धूर सरळ वर गेला, काडी वातीपासून दोन बोटे वर धरताच ज्योत खाली उतरली. मग तिने पंखा पुन्हा लावून, धूर कुठवर मोडत नाही ते बघायचे ठरवले. घंटा झाली तरी ती मेणबत्ती घेऊन वर्गभर फिरत होती.

आमची गाडी बाहेर उभी होती, म्हणून आम्ही निघालो. तिचे नावही विचारले नाही.